डेकवरून न दिसणारा सुएझ : वर्ध्याच्या कापसाची बाजू

१/
"सुएझ कालवा झाला आणि विदर्भाच्या कापसाचे नशीब उघडले." हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत भेटते, भाषणांत भेटते आणि आता इतिहासाच्या थ्रेड्समध्येही भेटते. माझा या वाक्याला विरोध आहे. त्यातला कालक्रम चुकीचा आहे, कारणमीमांसा चुकीची आहे आणि 'नशीब उघडले' हा निष्कर्ष तर सर्वांत चुकीचा आहे. आजचा थ्रेड त्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
निमित्त घरगुती आहे. करोनापूर्वीच्या एका हिवाळ्यात माझे मामा क्रूझने सुएझमधून गेले. परतल्यावर वर्ध्याच्या घरी सगळ्यांना जमवून त्यांनी चित्रफीत दाखवली आणि म्हणाले, "याच पाण्यावरून आपल्या कापसाचं सोनं झालं." आजोबांनी सारी हयात हिंगणघाट तालुक्यात कापूस पिकवला. त्यांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली आणि एवढेच विचारले, "मंग सोनं गेलं कुठी?" इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेत असूनही मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

३/
आधी डेकवरून काय दिसते ते पाहू. पोर्ट सैदहून जहाजांचा तांडा पहाटे निघतो. स्थानिक पायलट जहाजावर चढतो. पनामासारखी पाण्याची दारे येथे नाहीत. दोन्ही समुद्र एकाच पातळीवर जोडलेले आहेत. वेग सायकलस्वाराइतका, प्रवास जवळपास दिवसभराचा. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला झाडी, शेते, इस्माइलिया शहर. डाव्या हाताला सिनाईची वाळू. मधे तिम्साह सरोवर आणि कडू सरोवरे. दृश्य विलक्षण आहे, यात वाद नाही.

४/
वाद आहे तो दृश्य पाहून इतिहास सांगण्याशी. उजव्या हाताची ती हिरवळ नाईलच्या गोड्या पाण्याच्या कालव्यामुळे आहे. तो आधी खणावा लागला, कारण वाळवंटात खणणाऱ्यांना प्यायला पाणी नव्हते. १८५४ मध्ये इजिप्तच्या सैद पाशाने फर्डिनांड द लेसेप्स यांना सवलतपत्र दिले, २५ एप्रिल १८५९ रोजी काम सुरू झाले आणि पहिली काही वर्षे ते वेठबिगारीवर चालले. दरमहा सुमारे २०,००० शेतकरी पाळीपाळीने गावांतून आणले जात. कुदळ, टोपली आणि हात एवढीच त्यांची साधने होती.

५/
आता पहिली चूक. "इंग्रजांनी भारताच्या व्यापारासाठी सुएझ कालवा बांधला." नाही. कंपनी फ्रेंच पुढाकाराची होती, भांडवल मुख्यतः फ्रान्सचे आणि इजिप्तचे होते आणि ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टन या प्रकल्पाचे कडवे विरोधक होते. भारताच्या वाटेवर फ्रान्सचा पाय पडेल ही त्यांची भीती होती. कालवा चालू झाल्यावर मात्र त्यातून जाणारी बहुतांश जहाजे ब्रिटिश निघाली. विरोध करणाऱ्यालाच सर्वाधिक लाभ झाला. इतिहासात असे घडते. म्हणूनच लाभार्थी पाहून कर्ता ठरवू नये.

६/
दुसरी चूक कालक्रमाची, आणि ती अधिक गंभीर आहे. मध्य भारतातील कापसाला जगाचे दार उघडले ते अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईत भाव अनेक पटींनी चढले. प्रेमचंद रायचंद, शेअरबाजाराची धुंदी, १८६५ ची मंदी ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. या सगळ्या काळात सुएझमधून व्यापारी जहाजे जात नव्हती. कापूस आफ्रिकेला वळसा घालून जात होता, आणि तरीही जात होता.

७/
त्याही आधी हिंगणघाटची बाजारपेठ अज्ञात नव्हती. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे येथील आणि वऱ्हाडातील कापूस मिर्झापूरकडे व मुंबईकडे नेत. प्रवास महिन्यांचा, पावसाची आणि धुळीची भीती कायम. पण हिंगणघाटच्या कापसाची तलमता लिव्हरपूलच्या दलालांना माहीत होती. 'हिंगणघाट' हे तेथील बाजारात मालाच्या प्रतीचे नाव होते. म्हणजे ओळख कालव्याने दिली नाही. ती आधीची होती आणि ती वाणाची होती.

८/
आता तारखा एका रांगेत मांडा. १८६२ : नागपूरपासून वेगळा वर्धा जिल्हा. १८६६ : पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची वसाहत. १८६७ : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. याच दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त हे स्वतंत्र पद निर्माण झाले आणि त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नॅक आले. याच दशकात मालगुजारी बंदोबस्ताने जमिनीला नवे मालक मिळाले. १७ नोव्हेंबर १८६९ : सुएझ कालव्याचे उद्घाटन.

९/
रांग वाचली की गोष्ट स्पष्ट होते. जिल्हा, शहर, रेल्वे, कापूस खाते, जमिनीचा नवा कायदा हे सारे कालव्यापूर्वी उभे होते. वर्ध्याच्या कापसाला जागतिक बाजाराशी जोडणारा निर्णायक दुवा वर्ध्याचे रेल्वेस्थानक होते, सुएझ नव्हे. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला जाणारा फाटा १८७० च्या दशकात आला, तो कालव्यानंतरचा खरा. पण त्यामागे वरोऱ्याच्या कोळशाचे मोठे कारण होते.

१०/
मग कालव्याने काहीच केले नाही काय? केले, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मुंबई-लंडन सागरी अंतर ४० टक्क्यांहून अधिक घटले. तांबड्या समुद्रातील वारे शिडाच्या जहाजांना प्रतिकूल असल्याने हा मार्ग वाफेच्या जहाजांचा झाला. प्रवासाचे दिवस मोजता येऊ लागले. मार्सेय, जिनोआ, त्रिएस्ते यांसारखी भूमध्य समुद्राची बंदरे मुंबईला जवळ आली. १८७० मध्ये समुद्राखालून तारही आली. लिव्हरपूलचा भाव महिन्यांऐवजी तासांत मुंबईत कळू लागला.

११/
आता आजोबांचा प्रश्न विचारू. वाहतूक स्वस्त झाली, ती बचत कोणाच्या घरी गेली? कालव्यानंतरची पंचवीस वर्षे ही जागतिक बाजारात कापसाच्या घसरत्या भावांची वर्षे आहेत. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला होता. रुपयाचे मूल्य उतरत गेल्याने ही घसरण येथे काहीशी सौम्य भासली, एवढेच. वर्ध्याच्या शेतकऱ्याने बोंडे वेचली तेव्हा भाव लिव्हरपूलमध्ये ठरलेला होता, तारेने मुंबईत आलेला होता, आणि पेरणीसाठी घेतलेले कर्ज सावकाराच्या वहीत आधीच लिहिलेले होते.

१२/
सर्वांत मोठा पुरावा शेतातच आहे. हिंगणघाटची कीर्ती ज्या वाणावर होती तो 'बनी' : तलम, लांब धाग्याचा, पण रुईचा उतारा कमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा 'जरी' या भरड, काटक आणि जास्त रुई देणाऱ्या कापसाने घेतली. शेतकरी अडाणी होता म्हणून नव्हे. तलमतेसाठी बाजार पुरेसा जादा भाव देत नव्हता आणि वजनासाठी देत होता. शेतकऱ्याने हिशेब अचूक केला.

१३/
याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या काळात 'नशीब उघडले' असे आपण म्हणतो, त्याच काळात हिंगणघाटला नाव मिळवून देणारा कापूस हिंगणघाटच्या शेतांतून मागे पडला. जगाच्या बाजाराशी जवळीक वाढली आणि प्रत उतरली. कालव्याच्या गौरवकथेत या वाणाचे नाव कधी वाचले आहे? मी वाचलेले नाही.

१४/
कालवा दोन्ही दिशांनी वाहतो. जाताना कापूस, येताना कापड. रिव्हेट-कार्नॅक यांच्या अहवालांत ही अपेक्षा उघडपणे मांडलेली आहे की, रेल्वे आली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकले जाईल आणि विणकर माग सोडून शेतीकडे वळतील. म्हणजे अधिक कापूस पिकेल आणि अधिक कापड खपेल. १८८२ मध्ये विलायती कापडावरील आयातशुल्क उठले. महसुलाच्या गरजेपोटी ते पुन्हा बसले, तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादनशुल्क लादले गेले. कोष्ट्यांच्या घरातला माग थांबण्यामागे असे निर्णय होते.

१५/
येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे : "नागपूरची एम्प्रेस मिल, हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्या कशा उभ्या राहिल्या?" जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिची यंत्रे समुद्रमार्गे आली हे खरे. पण या गिरण्यांचे मर्म वेगळे होते : कापूस जेथे पिकतो तेथेच सूत काढायचे. कच्चा माल परदेशी पाठवण्याच्या व्यवस्थेला दिलेले ते उत्तर होते. त्यांचे श्रेय सुएझला देणे म्हणजे उत्तराचे श्रेय प्रश्नाला देणे.

१६/
आणखी एक बाब, जी आपल्या थ्रेड्समध्ये जवळजवळ कधीच येत नाही. १८९३ मध्ये जपानच्या निप्पॉन यूसेन कंपनीने टाटांशी करार करून मुंबई-कोबे वाहतूक सुरू केली. पुढे भारतीय आखूड धाग्याच्या कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक जपान ठरला. तो कापूस पूर्वेकडे जात होता. सुएझचे तोंडही त्याने पाहिले नाही. जे दार 'उघडले' म्हणून आपण टाळ्या वाजवतो, त्या दाराकडे पाठ करून व्यापार चालू राहिला.

१७/
आता शतकाचा शेवट पाहू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ. मध्य प्रांत होरपळला. रेल्वे होती, तार होती, कालवा होता, आगबोटी होत्या. १९०१ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या ३,८५,१०३ भरली; दहा वर्षांत सुमारे ४ टक्के घट. बाजाराकडे जाणारा रस्ता माल बाहेर नेतो. विकत घेण्याची ऐपत नसेल तर तोच रस्ता धान्य परत आणत नाही.

१८/
वर्ध्याचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर प्रत्यक्ष कालव्याच्या काठाकडे पाहा. यादवी युद्धात इजिप्तच्या कापसालाही तेजी आली होती, आपल्यासारखीच. खेदिव इस्माइलने त्या भरात कर्जे काढली. कालव्याचा खर्च आणि उद्घाटनाचा थाट त्यातलाच. भाव पडले, कर्ज राहिले. १८७५ मध्ये इजिप्तचे १,७६,६०२ समभाग ब्रिटिश सरकारने सुमारे ४० लाख पौंडांना विकत घेतले; पैसे रॉथशिल्डकडून उसने आणले. १८७६ मध्ये इजिप्तने दिवाळखोरी पत्करली. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या.

१९/
ज्याच्या अंगणातून कालवा गेला त्याचे स्वातंत्र्यच त्यात गेले. मग हजारो मैल दूरच्या हिंगणघाटचे नशीब तो कसा उघडणार होता? आणि १८८२ च्या त्या मोहिमेत भारतीय पलटणीही होत्या. खर्चाचा एक भाग भारताच्या तिजोरीवर पडला. १९१५ मध्ये तुर्की हल्ल्यापासून कालवा राखणाऱ्यांत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. पोर्ट तौफिकला त्या आघाडीवरच्या भारतीय सैनिकांचे स्मारक होते. इजिप्त-इस्रायल संघर्षात ते उद्ध्वस्त झाले. क्रूझच्या डेकवरून आता तेही दिसत नाही.

२०/
दुसऱ्या टोकाच्या मित्रांनाही सांगायचे आहे. "कालवा म्हणजे भारताच्या लुटीचे कारस्थान" हे वाक्यही टिकत नाही. पामर्स्टनचा विरोध आपण पाहिला. तसेच खोदकामातील मृत्यूंचा १,२०,००० हा आकडा नासर यांच्या १९५६ च्या भाषणात आला आणि तेव्हापासून सर्रास फिरतो. अनेक अभ्यासक तो ग्राह्य मानत नाहीत. वेठबिगारीचे क्रौर्य सिद्ध करण्यास फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. चुकीचा पुरावा आपल्याच बाजूचे नुकसान करतो.

२१/
माझे म्हणणे थोडक्यात असे. कालवा हा रस्ता आहे. रस्ता अंतर कमी करतो; सौदा कोणाच्या अटीवर होणार हे तो ठरवत नाही. ते ठरवतात करांचे कायदे, कर्जाचे दर, जमिनीची मालकी आणि भाव ठरवण्याची सत्ता. १८६९ मध्ये यांपैकी एकही गोष्ट वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या हातात नव्हती. म्हणून अंतर घटल्याचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाटला गेला.

२२/
हे अचूक ओळखणारा एक प्रवासीही याच कालव्यातून गेला. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी 'राजपुताना' जहाजाने मुंबईहून गोलमेज परिषदेसाठी निघाले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुएझमधून पुढे गेले. जहाजावरही त्यांची सूतकताई चालू होती. ज्या पाण्यावरून कापूस जात आणि कापड येत असे, त्याच पाण्यावर हा माणूस सूत काढत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस ते लँकेशायरला गेले आणि बहिष्कारामुळे काम गमावलेल्या गिरणी कामगारांसमोर त्यांनी भारतातील दारिद्र्य मांडले.

२३/
यानंतर त्यांनी ठाण मांडले ते वर्ध्यात, जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने. बजाज घराणे कापसाच्या व्यापारातले होते, हे विसरू नये. १९३४ मध्ये येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, मगनवाडीत त्याचे काम चालले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहू लागले. खादीने वर्ध्याचे अर्थकारण पालटले असा दावा मी करत नाही. पण प्रश्न नेमका होता : कापूस पिकवणाऱ्या गावात कापसाची किंमत कोण ठरवतो?

२४/
तो प्रश्न जुना झालेला नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये सहा दिवस अडकले, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी पुन्हा आफ्रिकेचा वळसा धरला. आणि वर्ध्याचा भाव? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते माफ झाले, तेव्हा हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याने जहाजांकडे पाहिले नाही, दिल्लीकडे पाहिले. कारण भाव तेथे हलतो.

२५/
म्हणून इतिहासप्रेमी मित्रांनो, एक विनंती. पूल, रेल्वे, बंदर, कालवा, महामार्ग यांविषयी "यामुळे अमुक प्रदेशाचे भाग्य उजळले" असे वाचाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. तारखा खरोखर त्या क्रमाने आहेत का? वाचलेला पैसा कोणाच्या खात्यात गेला? आणि त्या रस्त्यावरून परतीच्या वाटेने काय आले? या तीन प्रश्नांत बहुतेक गौरवकथा अडखळतात. ज्या टिकतात, त्या खरोखर सांगण्याजोग्या असतात.

२६/
मामांवर माझा राग नाही. त्यांनी सुंदर दृश्य पाहिले आणि त्यात आपले गाव शोधले. ही ओढ माझ्यातही आहे. कधी संधी मिळाली तर मीही त्या डेकवर उभा राहीन. फक्त तेव्हा उजव्या काठावरच्या हिरवळीत मला पाण्याविना खणणारे शेतकरी दिसावेत आणि शेजारून जाणाऱ्या जहाजात बनीच्या गाठी. आजोबा आता नाहीत. हा थ्रेड म्हणजे त्यांच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे : सोने कालव्यात बुडाले नाही, आबा. ते वाटेत उतरवून घेतले गेले.

२७/
येथे थांबतो. कालक्रमात किंवा आकड्यांत चूक आढळल्यास पुराव्यासह जरूर दाखवावी, दुरुस्ती याच थ्रेडखाली करीन. आणि कोणाच्या घरी हिंगणघाट, पुलगाव, आर्वी किंवा देवळी भागातील जुन्या जिनिंगच्या वह्या, दलालांची पत्रे, हुंड्या पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नका. वर्ध्याच्या कापसाचा इतिहास लिव्हरपूलच्या कागदांत बराच आहे. वर्ध्याच्या कागदांत तो अजून शोधायचा आहे.